तळ्याकाठचं जेवण आणि माझा अर्ज

वयनी, तुझ्या जाण्याची बातमी पेपरात दिली तो मजकूर मीच लिहिला. ‘प्रेमळ, कष्टाळू व धार्मिक वृत्तीच्या.’ बाकी सगळं झरझर लिहून झालं, ‘धार्मिक’वर हात थबकला. जिला देवळातल्या दिवजांच्या जत्रेपासून लांब ठेवलं, तिला धार्मिक म्हणायचं, आणि तेही ज्याच्यामुळे ठेवलं त्यानेच? पण मराठीच्या मास्तराला वाक्यात तीन विशेषणं लागतात, दोन लंगडी वाटतात. माझी ही खोड तुला माझ्याहून जास्त ठाऊक होती.

परवा तुझं बारावं झालं. पाहुणे गेले, भाड्याच्या खुर्च्या गेल्या. आता घरात सुनंदा आणि मी, नवरा-बायको दोघंच. सुनंदा दोनदा म्हणाली, दिराने भावजयीसाठी इतकं झुरणं बरं दिसत नाही, लोक हसतील. ती म्हणते ते झुरणं नव्हे. मला एक गोष्ट सांगायची होती आणि ती सांगायला बत्तीस वर्षं मिळूनही मी सांगितली नाही, त्याची ही टोचणी आहे.

आई गेली तेव्हा मी सातवीत होतो. दादा तेव्हाच वास्कोला बंदरावर लागलेला. पंधरवड्यातून एकदा यायचा, एक रात्र झोपायचा, पहाटेची बस धरायचा. तू सावंतवाडीकडून लग्न होऊन आलीस ती खरं तर नवऱ्याच्या घरात नव्हे, दिराच्या घरात. विषमज्वरात माझ्या उशाशी बसलीस ती तू. वक्तृत्व स्पर्धेची भाषणं मी पाठ करायचो ती तुझ्या चुलीपुढे उभं राहून. तू भाकऱ्या थापायचीस, मी हात उडवत ‘या भूमीतील बायाबापड्यांनी’ असं काहीतरी गर्जायचो, आणि तू म्हणायचीस, “भावजी, बायाबापड्यांका बाजूक करा, भाकरी करपता.” माझं एकही भाषण त्या बायाबापड्यांशिवाय पुरं व्हायचं नाही. पुढे बी.एड. करून मी आपल्याच शाळेत लागलो तरी ती सवय सुटली नाही.

तळ्याकाठच्या त्या लोकांकडे तू पहिल्यांदा गेलीस ती नारळ आणि कोरगावच्या आपल्या बागेतले काजू घेऊन. दिवाळी झाली की ते यायचे, शिमग्याच्या आत निघून जायचे. डोंगर उतरला की गोड्या पाण्याचं तळं, पुढे वाळू, पुढे दर्या, आणि तळ्याकाठी त्यांच्या झावळ्यांच्या बारा-पंधरा खोपी. सगळे फ्रान्सचे, बहुतेक पन्नाशीपुढचे. कुणी पोस्टातून निवृत्त झालेला, कुणी शाळामास्तर, ओदेत नावाची ती उंच बाई इस्पितळात परिचारिका होती. आपल्या देशातही ते उन्हाळ्यात असेच राहायचे, अंगावर वस्त्र न घालता, स्वतःच्या वेगळ्या वस्तीत. पण हिवाळ्यात तिकडे बर्फ. नाताळ अंगावर ऊन घेत करायचा म्हणून ते इतक्या लांब आले होते. गोवा मुक्त होऊन वीसेक वर्षं झाली होती, आपल्या रस्त्याला नुकतं डांबर लागलं होतं, आणि एवढे बारकावे बघायला गावाला सवड नव्हती. जो गोरा तो हिप्पी, नि जो नागडा तो तर हिप्पीच.

“हिप्पी न्हंय ते,” तू मला ठणकावलंस. “हिप्पी आंघूळ करनत नाय. हे दिसातसून तीनदा करतत.”

मी विचारलं, तुला लाज कशी वाटत नाही? तू तांदूळ निवडत होतीस, मान वर केली नाहीस. “पैल्या दिसाक मी खाली बघान नारळ मोजलंय. दुसऱ्या दिसाक तोंडाकडे बघलंय. मगे काय, तोंडच दिसता भावजी. बाकीचा दिसना नाय.”

खरं तर तू डोंगरावरून ‘होऽऽ’ अशी साद घालायचीस आणि ते घाईघाईने लुंग्या गुंडाळायचे. पुढे पुढे तूच त्यांना म्हणालीस, की इतकी धावाधाव नको, कोणीतरी खडपावर घसरून पडेल.

डिसेंबर लागला त्या आठवड्यात तू धावतच घरी आलीस. “भावजी, तेंच्या थय पण रुजवण घालतत!” ओदेतने तीन बशांत गहू पेरले होते. त्यांच्या मुलखात नाताळाच्या आधी तसे पेरतात, कोंब सरळ उंच आले तर वर्ष चांगलं जातं. नवरात्रात आपण घालतो तेच की! फक्त त्यांना ते हिरवंगार हवं होतं, आणि तुझ्या मते रुजवण टोपलीखाली झाकून पिवळंधमक झालं तरच देवाला चालतं. या गोष्टीवर तुझं आणि ओदेतचं दोन दिवस भांडण झालं. तिला मराठी येत नव्हतं, तुला फ्रेंच येत नव्हतं, तरी भांडण अडलं नाही. शेवटी दोन बशा हिरव्या आणि एक पिवळी असा तोडगा निघाला.

त्यांचं मोठं जेवण पंचवीस तारखेला भर दुपारी. माडांखाली लांब मेज, त्यावर पांढरी चादर, बशीतले गव्हाचे कोंब मधोमध. प्रत्येकजण आपापला टॉवेल आणायचा आणि त्यावरच बसायचा, तो त्यांचा शिस्तीचा नियम. तुलाही घडी घातलेला टॉवेल दिला तेव्हा तू म्हणालीस, माझं नऊवारी आहे, त्यात चार टॉवेल मावतील. डोक्यात मात्र सगळ्यांनी अबोलीचे वळेसर माळलेले, पुरुषांनीसुद्धा, आणि ते तूच गुंफून नेलेले. जेवणानंतर तेरा गोड जिन्नस मांडायची त्यांची रीत होती. अंजीर, खजूर, बदाम, संत्री असलं काहीबाही, आणि इथे जे मिळत नव्हतं त्याच्या जागी तुझी नेवरी, तुझं खाजं, तुझे तिळाचे लाडू. तेरा म्हटल्यावर तू दचकलीस. येशूबाबा आणि त्याचे बारा शिष्य म्हणून तेरा, असं त्यांनी हातवारे करून समजावलं, पण तुझं समाधान झालं नाही. “तेरा वायट. चौदावो माझो,” म्हणून तू पदराच्या गाठीतली खडीसाखर काढून ठेवलीस. दुसऱ्या वर्षी त्यांनी स्वतःच चौदावी वाटी रिकामी मांडून ठेवली होती, तू येण्याची वाट बघत.

आणि ते एक जास्तीचं ताट. न बोलावता जो दारात येईल त्याच्यासाठी ते लोक नाताळाच्या जेवणाला एक ताट जास्त मांडायचे. पहिल्या वर्षी तू खाजं पोचवायला गेलीस आणि तुला हाताला धरून त्या ताटावर बसवलं. घरी आल्यावर तू ते सांगत होतीस. काय जेवलीस ते तुला आठवत नव्हतं. “माका बसयलानी आणि ते वाढीत होते,” एवढंच तीनदा म्हणालीस. मी तेव्हा वर्तमानपत्र वाचत होतो. या घरात कुणी तुला पानावर बसवून वाढलंय असं मला आजही आठवत नाही, आणि त्या ‘कुणी’मध्ये मी आलो.

आता मुद्द्याचं लिहितो.

तिसऱ्या हिवाळ्यात गावकर माझ्याकडे आले. देवळाचे मानकरी, वडीलधारे, सगळे एकदम आपल्या ओसरीवर. शाळेतली पोरं डोंगरावर चढून खाली बघतात, जत्रेला आलेले पाहुणे हसतात, हे बंद व्हायला हवं. पोलिसांत अर्ज द्यायचा तर तो कसा तोलामोलाचा हवा, आणि तसं लिहिणारा गावात दुसरा कोण? “मास्तर, तुमीच.” सव्वीस वर्षांच्या माणसाला वडीलधाऱ्यांनी ‘मास्तर’ म्हटलं की त्याच्या अंगावर मूठभर मांस चढतं. माझ्या चढलं. सरकारी पगार खातो म्हणून माझं नाव नको, एवढी अट मात्र मी घातली. हुशारी बघ माझी. मी सांगितलं, दुसऱ्याने उतरून घेतलं, सह्या गावकरांच्या.

पोरांची काळजी हे खरं कारण होतं का? थोडंफार होतं. पण त्या दिवसांत तू हसायचीस ती फक्त तिकडून आल्यावर, आणि ते मला खुपत होतं. ज्या घरासाठी तू राबत होतीस त्या घरात तुला हसू येत नव्हतं, आणि चार नागड्या म्हाताऱ्यांत येत होतं. हे मी स्वतःशीसुद्धा आज पहिल्यांदा कबूल करतोय.

तर अर्ज झाला. वाचून बघितला, आणि मला तो किरकोळ वाटला. वजन येईना. मग मी शेवटी एक वाक्य घातलं: ‘गावातील बायाबापड्यांची तेथे ये-जा वाढली असून त्याचा विपरीत परिणाम होण्याची दाट शक्यता आहे.’ कुठल्या बाया, किती, काहीच मनात नव्हतं. भाषणात घालतो तसं घातलं. तिकडे जाणारी बाई अख्ख्या गावात एकच होती आणि तिच्या हातची भाकरी खाऊन मी ते वाक्य सांगत होतो, हे माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण हात माझा आणि अवलक्षण तुझं.

पोलीस नेमके पंचवीस तारखेला आले. वाट दाखवायला गावकर गेले आणि मला ‘चला मास्तर’ म्हणाले म्हणून मीही गेलो. तू कोरगावला काजूच्या बागेत जाते म्हणून सांगून निघाली होतीस. तुझं सांगणं खोटं होतं हे मला डोंगराच्या टोकावर कळलं. खाली मेज मांडलेलं होतं आणि त्या उघड्या अंगांच्या ओळीत तुझं चॉकलेटी नऊवारी लांबूनही दिसत होतं. मी तिथेच एका काजूच्या बुंध्याला धरून थांबलो. चपलेचा अंगठा तुटला असं म्हणालो.

वरून मी सगळं बघितलं. पोलीस खाली मान घालून ओरडत होते, गावकर आकाशाकडे बघत होते. म्हातारी माणसं हातातले चमचे तसेच धरून उभी राहिली. तू उठलीस, हात धुतलेस, दोरीवरच्या लुंग्या काढल्यास आणि एकेकाला नेऊन दिल्यास. ओदेतला तर तू स्वतः गुंडाळलीस, लहान पोरीला परकर नेसवावा तशी. सगळ्या किनाऱ्यावर सरळ समोर बघणारी तू एकटीच होतीस. मग त्यांना वाळूतून चालवत जीपांकडे नेलं, आणि गावकर तुझ्यापासून वीस पावलं पुढे चालत डोंगर चढू लागले. मी त्यांच्या आधी घरी पोचलो होतो.

त्या लोकांना ताकीद देऊन संध्याकाळी सोडलं. तुला मात्र गावाने सोडलं नाही. सोमवारी देवळात बैठक झाली, तुला खांबाशी उभं केलं. मोठ्या गावकराने अर्जाची नक्कल काढून शेवटचं वाक्य सगळ्यांसमोर वाचलं. “हय लिवलेला आसा, बायाबापड्यांची ये-जा. बायाबापड्यो म्हणजे कोण? ही एकच.” मी मागे बसलो होतो, तोंडात मिठाची गुळणी धरून. पुढच्या महिन्यात दिवजांची जत्रा होती. पाच वातींचं दिवज पेटवून देवळाभोवती पाच फेरे घालायचा सवाष्णींचा मान, लग्न झाल्यापासून एकही वर्ष तू चुकवला नव्हतास. बैठकीने ठरवलं, हिने यंदा येऊ नये.

‘यंदा’ म्हणाले होते. पुढच्या वर्षी ‘ये’ म्हणायला कोणीतरी उठायला हवं होतं. मी उठलो असतो तर चाललं असतं, तोवर मी देवळाच्या समितीवर आलो होतो. पण उठलो असतो तर कुणीतरी विचारलं असतं, मास्तर, तुम्हाला आज का आठवलं? दिवजांच्या दिवशी तू उपास करायचीस, लग्नातलं नऊवारी नेसायचीस, आणि वाड्यावरच्या बायका निघाल्या की तुळशीपाशी उभी राहून त्यांना बघायचीस. सहा वर्षं. मग दादा गेला आणि तुझा तो मानच संपला. आता मी तोंड उघडून तरी काय मिळवणार होतो? मला त्या दुःखातही थोडं सुटल्यासारखं वाटलं होतं. भावाच्या मरणात असं वाटलेला माणूस मी.

बैठकीनंतर आठ दिवसांनी ओदेत आपल्या घरी आली. तिला पहिल्यांदाच पूर्ण कपड्यांत बघत होतो. गळ्यापर्यंत बटणं लावलेला झगा, पायांत मोजे, डोंगर चढून आलेली, घामाने निथळत होती. वस्ती उठली होती, बाकीचे दक्षिणेकडे गेले होते, ही तेवढी तुझ्यासाठी मागे राहिली होती. तू तिला चहा दिलास आणि मला हाक मारलीस. “भावजी, तुमका इंग्लीस येता. ती काय म्हणता ता माका सांगा.”

तिचं इंग्रजी माझ्यासारखंच मोडकं. बराच वेळ बोलली. आमच्यामुळे हिला त्रास झाला, माफी मागायला आले, असं म्हणाली. मग माझ्याकडे वळली. पोलिसांनी सांगितलं, अर्ज एका शाळामास्तराने लिहून दिला. तुम्हीही मास्तर आहात, तुम्हाला ठाऊक असेल तो कोण. त्याला सांगा, आमच्याबद्दल त्याने हवं ते लिहावं, पण या बाईबद्दल लिहायला नको होतं.

तू माझ्या तोंडाकडे बघत होतीस.

“ती म्हणते, खाजं फार छान झालं होतं,” मी म्हणालो.

“येवढाच? इतको वेळ ती खाज्याबद्दल बोलत होती?”

“हो.”

“बरा,” तू म्हणालीस. आत गेलीस, डब्यात उरलेलं सगळं खाजं केळीच्या पानात बांधून आणलंस आणि तिच्या हातात दिलंस. ती बाई ते पुडकं छातीशी धरून रडली. तू तिच्या पाठीवरून हात फिरवलास. मी, पाहुण्यांसमोर बरं दिसावं म्हणून, हसलो.

पुन्हा तू तिकडचा विषय काढला नाहीस. फक्त अलीकडे, तुझे गुडघे गेल्यावर, तू ओसरीवर बसून रस्ता बघायचीस. त्या तळ्यापर्यंत आता टॅक्सी जाते, आणि ती चालवतात त्याच गावकरांचे नातू. तिथे सकाळपासून गाणी लागतात, कोण काय नेसतं याचं कुणालाच काही नाही. एकदा तू म्हणालीस, “भावजी, आता कोण अर्ज करना नाय?” मी म्हटलं, आता काळ बदलला वयनी. “काळ बदललो की मास्तर म्हातारो झालो?” असं म्हणून तू हसलीस. मीही हसलो. तुझा स्वभावच थट्टेचा, असं मानून मी चहा प्यायलो.

नागड्या साधूच्या पायांवर डोकं ठेवणाऱ्या माणसांनी त्या म्हाताऱ्यांवर पोलीस का घातले, हा तुझा प्रश्न होता. त्याला मी त्या काळी संस्कृती, मर्यादा, पुढची पिढी अशी तीन उत्तरं दिली होती. एकही धड नव्हतं.

बाराव्याला पंगत उठल्यावर मी शेजारच्या शेवंतीमामीजवळ जाऊन बसलो. मामी आता ऐंशीच्या पुढे, पण कान शाबूत. तुझ्या बरोबरीने दिवज धरणाऱ्यांतली तीच एक उरली आहे. म्हटलं, तुला नाही तर निदान हिला तरी सांगावं. बराच वेळ शब्द जुळवत होतो, शेवटी साधंच सांगितलं.

“मामी, वयनीचं दिवज माझ्यामुळे बंद झालं. तो अर्ज मी लिहिला होता.”

मामी सुपारी कातरत होती. कातरतच राहिली. “ठावक आसा.”

“तुला कुणी सांगितलं?”

“तिनाच. देवळात अर्ज वाचलो ना, त्याच सांजेक. म्हणाली, हे बोल माझ्या चुलीकडे पाठ केलेले. बायाबापड्यो म्हणणारो गावात आणखी कोण आसा?”

म्हणजे ओदेत आली तेव्हा तुला माहीत होतं. तिच्यासमोर मला हाक मारलीस, दुभाषी केलंस, माझ्या तोंडाकडे बघत बसलीस, तेव्हाही माहीत होतं. मला वाट करून दिली होतीस. आणि मी खाज्याची तारीफ केली.

“मग मला का नाही बोलली? एकदा तरी बोलायचं. शिव्या घालायच्या.”

“मी इचारलंय तिका.” मामीने सुपारीचं खांड तोंडात टाकलं. “म्हणाली, सांगलंय तर भावजी जेवचे नाय. पोटाचे नाजूक आसत.”

वयनी, त्या सोमवारनंतर बत्तीस वर्षं तू मला दोन्ही वेळा वाढलंस, आणि मी पोटभर जेवलो.